मेंदूचा चित्रकार

फळ्यावरचे वाक्य वहीत उतरून घ्यावे असे मनात येते आणि तत्क्षणी बोटे लेखणी धरून चालू लागतात. नांदेडच्या घाटावरून गोदावरीत सूर मारणारा पोहणारा असो, लातूरच्या आडत बाजारात तुरीचे पोते पाठीवर पेलणारा हमाल असो, की अंगणात गजगे झेलणारी मुलगी असो, प्रत्येकाच्या मनातील हेतू क्षणार्धात हातापायांत उतरतो. मेंदू तर कवटीच्या आत कायमचा बंद. मग तेथून निघालेली आज्ञा कोणत्या वाटेने बाहेर पडते? ती कोठून निघते, कोणाच्या हाती पडते आणि वाट न चुकता नेमक्या बोटापर्यंत कशी पोचते? हे प्रश्न माणसाला फार पूर्वीपासून पडत आले आहेत. त्यांच्या उत्तराचा पहिला भरवशाचा नकाशा ज्याने काढून दिला, तो स्पेन देशातील एका खेड्यातील डॉक्टरचा मुलगा होता. चित्रे काढतो म्हणून लहानपणी त्याने घरी पुष्कळ बोलणी खाल्ली होती. त्याचे नाव सांतियागो रामोन इ काहाल.

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागोन ह्या डोंगराळ खेड्यात झाला. स्पेनमध्ये मुलाच्या नावापुढे आधी वडिलांचे आणि मग आईचे आडनाव लावण्याची रीत आहे. रामोन हे वडिलांचे आडनाव, काहाल हे आईचे, आणि मधल्या इ ह्या अक्षराचा अर्थ आणि असा आहे. जगाने ह्या शास्त्रज्ञास पुढे आईच्याच आडनावाने ओळखावे असा योग होता. त्याचे वडील हूस्तो रामोन ह्यांनी अतिशय गरिबीतून, पडेल ते काम करून वैद्यकाचे शिक्षण मिळवले होते. शिस्त, कष्ट आणि विद्या ह्यांवाचून त्यांना दुसरे काही ठाऊक नव्हते. आपल्या मुलानेही डॉक्टर व्हावे, हा त्यांचा ध्यास होता.

मुलाचा ध्यास मात्र निराळा होता. कागद मिळाला तर कागदावर, नाही मिळाला तर गावातील भिंतींवर आणि दारांवर तो चित्रे काढी. रंग विकत घेण्यास पैसे नसत, म्हणून भिंतीवरचा रंग खरवडून तो आपले रंग तयार करी. वडिलांना हा सारा वेळेचा अपव्यय वाटे. अखेर एकदा त्यांनी मुलाच्या कलेची परीक्षा घेण्याचे ठरवले. गावातील चर्चची रंगसफेदी करण्यास एक कारागीर आला होता. मुलाने काढलेले एका संताचे चित्र त्यांनी त्याला दाखवले. ह्या मुलाच्या हातात कला नाही, असा निर्वाळा त्या कारागिराने दिला. झाले! त्या दिवसापासून घरात चित्रकलेला बंदी झाली. रंगसफेदी करणाऱ्याच्या एका शब्दावर एका चित्रकाराचे भवितव्य ठरले.

पुढे सांतियागोला हाका गावच्या शाळेत पाठवण्यात आले. तेथे लॅटिन भाषेचे पाठ घोकून म्हणावे लागत. घोकंपट्टीत त्याचे मन रमेना आणि पाठ चुकला की छडी बसे. कित्येकदा तर त्याला उपाशीपोटी अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवीत. अशा वागणुकीने मुलगा सुधारण्याऐवजी अधिकच हूड झाला. अकरा वर्षांचा असताना त्याने एक लाकडी ओंडका कोरून त्याची तोफ बनवली, तीत दारू आणि दगड ठासले आणि शेजाऱ्याच्या बागेच्या फाटकावर नेम धरून ती डागली. फाटकाच्या चिंधड्या उडाल्या आणि ह्या बालगोलंदाजास काही दिवस गावच्या तुरुंगात काढावे लागले. वडिलांनी त्याला सोडवण्याची खटपट केली नाही. केल्याचे फळ मुलाने भोगलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते. पुढे त्यांनी त्याला एका न्हाव्याच्या दुकानात आणि नंतर जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवले. तेथे मात्र त्याच्या हातातील कौशल्य दिसून आले. तो उत्तम जोडे शिवू लागला.

ह्या मुलाच्या आयुष्यास वळण लागले ते १८६८ च्या उन्हाळ्यात. तो सोळा वर्षांचा झाला होता. शरीरशास्त्र शिकवावे तर प्रत्यक्ष हाडे हातात देऊन, ह्या विचाराने वडील त्याला एका चांदण्या रात्री एका जुन्या स्मशानभूमीत घेऊन गेले. तेथे उघड्यावर पडलेली हाडे दोघांनी गोळा केली आणि घरच्या धान्याच्या कोठारात बापलेकांचा अभ्यास सुरू झाला. शब्द घोकण्यास कंटाळणारा मुलगा हाडांवरील प्रत्येक खाच, प्रत्येक छिद्र आणि प्रत्येक उंचवटा डोळ्यांत साठवू लागला, कारण त्याला ते सारे रेखाटायचे होते. ज्या छंदावर वडिलांनी बंदी घातली होती, तोच छंद आता विद्येची वाट झाला. मुलाची रेखाटने पाहून वडिलांचा विरोधही मावळला. बापलेकांचा कित्येक वर्षांचा तंटा हाडांच्या त्या ढिगाऱ्यावर मिटला.

१८७३ मध्ये सारागोसा येथून वैद्यकाची पदवी घेऊन काहाल डॉक्टर झाले. त्याच सुमारास त्यांची सैन्यात भरती झाली आणि १८७४ मध्ये त्यांना क्यूबा बेटावर जावे लागले. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते आणि तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. दलदलीच्या प्रदेशातील लष्करी रुग्णालयात रुग्णांची शुश्रूषा करता करता डॉक्टरच हिवतापाने अंथरुणास खिळले. १८७५ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या शरीराचा केवळ सापळा उरला होता. पुढे १८७८ मध्ये त्यांना क्षयाने गाठले. त्यांच्या तोंडातून रक्त पडू लागले. त्या काळी ह्या रोगावर औषध नव्हते. डोंगरातील मोकळी हवा, विश्रांती आणि घरच्यांची सेवा ह्यांच्या बळावर ते त्यातून वाचले.

ह्या दोन आजारांच्या मधल्या काळात त्यांच्या हाती एक वस्तू आली होती. १८७७ मध्ये ते परीक्षेसाठी राजधानी माद्रिद येथे गेले असता तेथे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून शरीरातील ऊतींचे पातळ काप पाहिले. डोळ्यांपुढे एक नवे जगच उघडले! सैन्यातील नोकरीत शिल्लक पडलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला आणि घरातच प्रयोगशाळा थाटली. शिकवण्यास गुरू नव्हता, विद्यापीठाची मदत नव्हती. जवळ होती ती काही पुस्तके आणि अमर्याद चिकाटी. १८७९ मध्ये त्यांचा विवाह सिल्वेरिया फान्यानास ह्यांच्याशी झाला. तुटपुंज्या मिळकतीत मुलाबाळांचा संसार चालवून नवऱ्याच्या काचा, रसायने आणि छपाई ह्यांसाठी चार पैसे बाजूला ठेवणाऱ्या ह्या गृहिणीचा काहाल ह्यांच्या यशात मोठा वाटा आहे.

१८८३ मध्ये काहाल ह्यांची वॅलेन्सिया येथे प्राध्यापकपदासाठी निवड झाली. १८८५ मध्ये त्या भागात पटकीची साथ आली. सारागोसा प्रांताच्या शासनासाठी त्यांनी ह्या रोगाचा अभ्यास केला. त्याबद्दल शासनाने त्यांना जर्मनीतील झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. नवा सूक्ष्मदर्शक हाती येताच त्यांची दृष्टी सर्वांत अवघड विषयाकडे वळली. तो विषय म्हणजे मेंदू.

मेंदू हा विषय अवघड का, हे समजून घेतले पाहिजे. शरीराचा प्रत्येक अवयव लहान लहान पेशींचा बनलेला आहे, हे शास्त्रज्ञांना तोपर्यंत पटले होते. परंतु मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की धाग्यांचा नुसता गुंता दिसे. कोणता धागा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे कोणासच सांगता येत नसे. म्हणून अनेक मोठ्या विद्वानांनी असे मानले होते की, मेंदूत सुट्या पेशी नाहीतच. सर्व धागे एकमेकांत मिसळून गेलेले असून सबंध मेंदू हे एक अखंड जाळे आहे. हे मत खरे मानले, तर मेंदूतील विजेच्या लहरी जाळ्यात वाटेल त्या दिशेने पसरतील. मग हात उचलण्याची आज्ञा हातालाच का जाते, पायाला का जात नाही, ह्याचे उत्तर देणे कठीण होते.

मेंदूचा विजेशी संबंध आहे, हे तोवर दिसून आले होते. बेडकाच्या पायातील चेतातंतूंचा विजेशी संबंध असल्याचे इटलीतील गॅल्व्हानी ह्यांनी अठराव्या शतकातच दाखवले होते. १८७० मध्ये बर्लिन येथील फ्रिट्श आणि हिट्झिग ह्या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पुढील भागास विजेचा सौम्य स्पर्श केला. तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय हलला. स्पर्शाची जागा थोडी बदलली की हलणारा अवयवही बदले. म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींच्या आज्ञा देणारा एक स्वतंत्र पट्टा होता. त्याला आज प्रेरक बाह्यक असे म्हणतात. माणसात हा पट्टा डोक्याच्या माथ्यावरून दोन्ही कानांच्या दिशेने उतरतो. आज्ञा निघण्याची जागा सापडली, परंतु तिची वाट अजून अंधारातच होती.

ह्या अंधारात पहिला दिवा कामिल्लो गोल्जी ह्या इटालियन डॉक्टरने लावला. एका लहानशा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात प्रयोग करताना १८७३ मध्ये त्याला एक चमत्कारिक युक्ती सापडली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटच्या आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला की, शेकडो पेशींपैकी एखादीच पेशी काळी होते. परंतु जी काळी होते ती बुंध्यापासून शेवटच्या बारीक फांदीपर्यंत संपूर्ण काळी होते. पिवळ्या भूमीवर शाईने काढलेल्या चित्रासारखी ती उठून दिसते. तथापि ही रीत लहरी होती. कधी साधे, कधी बिघडे. म्हणून फारसे कोणी तिच्या वाटेला जात नसे. १८८७ मध्ये माद्रिद येथे सिमार्रो ह्या डॉक्टर मित्राने काहाल ह्यांना असा एक काप दाखवला. काहाल तो पाहून थक्क झाले. त्याच वर्षी त्यांची बदली बार्सिलोना येथे झाली आणि त्यांनी ह्या कामास स्वतःला वाहून घेतले.

लहरी रीतीला त्यांनी चिकाटीने वळण लावले. तुकडा एकदा बुडवून रंग नीट चढला नाही, तर ते तो पुन्हा बुडवीत. काप थोडे जाड घेत, म्हणजे लांब फांद्या मध्येच तुटत नसत. परंतु त्यांची खरी युक्ती याहून साधी होती. मराठवाड्याच्या काळ्या रानात दिवाळीनंतर तूर फुलावर येते, तेव्हा तिच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंततात की कोणती फांदी कोणत्या झाडाची हे सांगता येत नाही. तेच शेत आषाढात पाहिले तर प्रत्येक रोप सुटे दिसते. काहाल ह्यांनी हाच विचार मेंदूला लावला. पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी त्यांनी अंड्यातील पक्ष्यांचे आणि नुकत्याच जन्मलेल्या लहान प्राण्यांचे मेंदू तपासण्यास घेतले. तेथे पेशींच्या फांद्या थोड्या आणि आखूड होत्या. शेत जणू आषाढातले होते.

मग जे दिसले त्याने त्यांचा हातच थरारला असेल! पक्ष्याच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत, एका पेशीचा धागा दुसऱ्या पेशीच्या अंगाभोवती टोपलीसारखा विणला गेला होता. तो तिला अगदी खेटून होता, पण तिच्यात मिसळला नव्हता. प्रत्येक धाग्याला शेवट होता. मेंदू हे एक जाळे नसून तो असंख्य सुट्या पेशींचा समाज आहे, ह्याचा पुरावा काचेवर उमटला होता. १८८८ ह्या एका वर्षात काहाल ह्यांनी अशी कितीतरी निरीक्षणे केली. प्रत्येक वेळी अनेक काचा तासन्‌तास पाहून ते त्यांचे सार एका चित्रात उतरवीत. रंगसफेदी करणाऱ्या कारागिराने ज्या हातात कला नाही असे म्हटले होते, त्या हाताने आता मेंदूची चित्रे काढली.

परंतु स्पेनमधील एका अज्ञात प्राध्यापकाचे म्हणणे वाचणार कोण? काहाल ह्यांनी स्वतःच्या खर्चाने एक नियतकालिक काढले. त्याच्या अवघ्या साठेक प्रती ते छापीत आणि परदेशांतील विद्वानांना टपालाने पाठवीत. उत्तरे क्वचितच येत. स्पॅनिश भाषेतील शास्त्रीय लेख वाचण्याची सवयच कोणाला नव्हती. तेव्हा १८८९ च्या ऑक्टोबर महिन्यात काहाल स्वतःच्या पैशांनी बर्लिन येथे शरीररचनाशास्त्रज्ञांच्या परिषदेस गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडले, काचा लावल्या आणि मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत ते समजावून सांगू लागले. आरंभी कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग त्या काळचे अत्यंत ज्येष्ठ शास्त्रज्ञ कोलिकर पुढे आले. त्यांनी एकेका काचेवर डोळा लावला आणि त्यांचे मत पालटले. ते स्वतः पूर्वी जाळ्याच्या बाजूचे होते. बहात्तराव्या वर्षी, सर्वांच्या देखत, आपले मत सोडून देण्याचे धैर्य त्यांनी दाखवले आणि काहाल ह्यांचे काम युरोपभर पोचवले. १८९१ मध्ये वाल्डायर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ह्या सुट्या पेशीस न्यूरॉन हे नाव दिले. मराठीत तिला चेतापेशी म्हणतात.

पेशी सुट्या आहेत हे ठरले. आता प्रश्न होता दिशेचा. चेतापेशीला दोन प्रकारच्या फांद्या असतात. एका बाजूस झाडाच्या डहाळ्यांसारख्या आखूड फांद्यांचा पसारा असतो, त्यांना वृक्षिका म्हणतात. दुसऱ्या बाजूस एकच लांब धागा निघतो, त्याला अक्षतंतू म्हणतात. विजेचा संदेश ह्यांतून कोणत्या बाजूने वाहतो? तो मोजण्यास काहाल ह्यांच्याजवळ यंत्र नव्हते. त्यांच्याजवळ होती केवळ दृष्टी आणि तर्क.

त्यांनी डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाचा विचार केला. तेथे संदेशाची दिशा शंकेपलीकडे ठाऊक आहे. प्रकाश डोळ्यात पडतो आणि वार्ता मेंदूकडे जाते. उलट कधी होत नाही. मग तेथील चेतापेशी कशा उभ्या आहेत? पाहावे तर प्रत्येकीच्या वृक्षिका वार्ता येण्याच्या बाजूस आणि अक्षतंतू मेंदूच्या बाजूस. नाकातील वासाच्या मार्गावरही त्यांना हाच क्रम दिसला. ह्यावरून त्यांनी १८९१ मध्ये नियम मांडला. संदेश वृक्षिकांतून पेशीत शिरतो आणि अक्षतंतूतून बाहेर पडतो. जुन्या काळी डाकेचे हरकारे ठरलेल्या टप्प्यापर्यंत धावत आणि पुढच्या हरकाऱ्याच्या हाती थैली देत. तसाच चेतापेशींचा हा व्यवहार चालतो. थैली एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पण हरकारे एकमेकांत मिसळून जात नाहीत. गोदावरी जशी नांदेडहून पुढे पूर्वेकडेच वाहते, तशी संदेशालाही वाहण्याची दिशा आहे. आता चित्र म्हणजे केवळ चित्र उरले नाही. पेशीचा आकार पाहावा आणि संदेशाची वाट वाचावी, अशी जणू नवी लिपीच काहाल ह्यांनी जगाला शिकवली.

१८९२ मध्ये ते माद्रिद विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि पुढे त्यांनी ही लिपी माणसाच्या मेंदूच्या बाह्यकास लावली. बाह्यक म्हणजे मेंदूवरचे सुरकुतलेले आवरण. त्याची जाडी अवघी दोन ते चार मिलिमीटर असते. परंतु एवढ्याशा जाडीत पेशींचे थर एकाखाली एक रचलेले असतात. ते सहा मानण्याची आज पद्धत आहे. प्रेरक बाह्यकात त्यांपैकी चौथा थर फारच अंधुक असतो, तर पाचव्यात पिरॅमिडच्या आकाराच्या प्रचंड पेशी असतात. युक्रेनमधील कीव्ह येथील बेट्स ह्यांनी त्या १८७४ मध्येच पाहिल्या होत्या. काहाल ह्यांनी अशा पेशींची सबंध ठेवण रेखाटली. पिरॅमिडच्या शिखरातून एक जाड फांदी सरळ वर, पहिल्या थरापर्यंत चढते. तळाजवळून इतर फांद्या आडव्या पसरतात. आणि तळातून अक्षतंतू खाली उतरतो, तो मेंदूबाहेर पडून पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत जातो. वर ऐकण्याची सोय आणि खाली सांगण्याची! आज्ञेची वाट सापडली होती.

पुढील शास्त्रज्ञांनी सूक्ष्म यंत्रांनी ह्या वाटेवरील वीज प्रत्यक्ष मोजली. मेंदूच्या इतर भागांतून येणारी वार्ता प्रेरक बाह्यकाच्या वरच्या व मधल्या थरांत पोचते. तेथील पेशी ती परस्परांत फिरवतात, तिची छाननी करतात आणि खालच्या पाचव्या थराकडे सोपवतात. तेथील मोठ्या पेशी आज्ञा मेरुरज्जूकडे धाडतात. सर्वांत जलद तंतूंतून ही लहर सेकंदाला साठ-सत्तर मीटर वेगाने धावते. तिचा विद्युत्‌दाब साधारण एकदशांश व्होल्ट, म्हणजे विजेरीतील एका सेलच्या पंधराव्या हिश्शाएवढाच असतो. बहुतेक तंतू वाटेत बाजू बदलतात. म्हणून मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा हात चालवतो.

संदेश थरांतून केवळ खालीच उतरत नाही, तो शेजारच्या पेशींकडे आडवाही पसरतो. त्याला आवर घालणाऱ्या पेशीही तेथेच असतात. हा आवर सुटला की फेफऱ्याचा झटका येतो. कधी कधी असा झटका अंगठ्यापासून सुरू होऊन मनगट, हात आणि चेहरा असा सरकत जातो, कारण पट्ट्यावर त्या अवयवांच्या जागा शेजारी शेजारी आहेत. उलट वाटेवरच रक्ताची गुठळी अडकून पेशी मेल्या, तर पक्षाघात होतो आणि हात लुळा पडतो. लुळा हात उजवा असला, तर इजा बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूस असावी, हे डॉक्टर ह्या नकाशावरूनच ताडतात.

काहाल ह्यांची कीर्ती आता सर्वत्र पसरली. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना व्याख्यानास बोलावले. १८९९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाने निमंत्रण दिले. आदल्याच वर्षी अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने क्यूबा गमावले होते, ज्या क्यूबात काहाल ह्यांनी आपली प्रकृती गमावली होती. तरीही ते गेले आणि माणसाच्या मेंदूच्या बाह्यकावर बोलले. विद्येला सरहद्द नसते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

१९०६ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी ह्यांना विभागून मिळाले. दैवाचा खेळ असा की, ज्याच्या रीतीने काहाल ह्यांनी सुट्या पेशी पाहिल्या, तो गोल्जी अखेरपर्यंत अखंड जाळ्याचाच पुरस्कर्ता राहिला. स्टॉकहोम येथील आपल्या व्याख्यानात त्याने सुट्या पेशींच्या सिद्धान्तावर टीका केली. दुसऱ्या दिवशी काहाल उभे राहिले. त्यांनी वादाला वादाने उत्तर न देता एकामागून एक पुरावे मांडले आणि गोल्जीच्या रंगवण्याच्या रीतीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. दोघांची रीत एकच, दोघांचा विषय एकच. परंतु एकास आधी मानलेले जाळे दिसत राहिले आणि दुसऱ्याने डोळ्यांना जे दिसले ते मानले. निर्णय काळावर सोपवला गेला. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन चेतापेशींमधील फट स्पष्ट दिसली. ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी अरुंद असते. बहुतेक ठिकाणी विजेची लहर ह्या फटीशी थांबते, तेथे रसायन सुटते आणि ते पुढच्या पेशीला जागे करते. काही मोजक्या ठिकाणी शेजारच्या पेशी सूक्ष्म छिद्रांनी थेट जोडलेल्या असतात, असेही नंतर आढळले. म्हणजे गोल्जीच्या म्हणण्यात सत्याचा थोडा अंश होता. परंतु मूळ सिद्धान्त काहाल ह्यांचाच खरा ठरला.

मानमरातबाने काहाल ह्यांचा दिनक्रम बदलला नाही. सरकारने त्यांच्यासाठी प्रयोगशाळा उघडली, तेव्हा देऊ केलेले वेतन आपल्याला अधिक आहे असे सांगून त्यांनी ते कमी करून घेतले. मंत्रिपद चालून आले, तेही त्यांनी नाकारले. त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या शिष्यांनी मेंदूविषयीचे ज्ञान पुढे नेले. त्यांतील लोरेन्ते दे नो ह्यांनी बाह्यकाच्या थरांतील पेशी एकमेकींशी उभ्या साखळ्यांनी कशा जोडलेल्या असतात, ह्याचा शोध घेतला. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, माद्रिद येथे काहाल ह्यांचे निधन झाले.

त्यांनी मागे ठेवलेल्या हजारो चित्रांचा आणि कागदपत्रांचा संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट करण्यात आला. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असाव्यात, असे आजचे शास्त्र मानते. त्यांच्यातील संदेशांच्या वाटा शोधण्याचे काम जगभर चालू आहे. बाह्यकाची घडण कशी होते, ह्याचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही होतो. यंत्रे आता कल्पनेपलीकडे सुधारली आहेत. तरीही नवशिक्या विद्यार्थ्याला चेतापेशी म्हणजे काय हे दाखवायचे असते, तेव्हा शिक्षक पुष्कळदा शंभर वर्षांहून अधिक जुने, शाईने काढलेले एक चित्र त्याच्यापुढे ठेवतात. ते चित्र काहाल ह्यांचे असते. डोळे उघडे ठेवून पाहणे, पाहिले तेवढेच काढणे आणि काढलेल्याचा अर्थ निर्भयपणे सांगणे, एवढ्याच भांडवलावर त्या खेडवळ मुलाने माणसाला त्याच्या मेंदूची ओळख करून दिली.